नऊ दिवसांचा फरक

"पुन्हा चूक म्हणतंय हो, ताई!" शिलाई मशीनवाल्याने खिडकीतून फोन आत सरकवला. "दोनदा घातली. नऊ ऑक्टोबर. आता पोरीची जन्मतारीख बापाला ठाऊक नसणार होय?"

आत बसलेल्या खिडकीबाईंनी फोन लगेच हातात घेतला नाही. एकोणतीस वर्षं शाळेच्या कचेरीत त्या एकाच खिडकीत बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. यंदा शाळेने पालकांसाठी ऑनलाइन खातं सुरू केलं होतं. मुलाची जन्मतारीख घातली, की हजेरी, गुण, शिक्षकांचे शेरे सगळं पालकांना फोनवर दिसणार. तीनदा चुकलं की खातं बंद आणि वरच्या कार्यालयातून चौकशी. आठवडाभरात दीडशे पालकांना बाईंनी हे हौसेने शिकवलं होतं. फक्त हा एक माणूस रांगेत दिसू नये, असं त्यांना रोज वाटत होतं.

आठ वर्षांपूर्वी तो असाच खिडकीशी उभा होता. हातात हत्यारांची पिशवी, कडेला पोरगी. बायको जाऊन दोन महिने झाले होते. दिवसभर लोकांच्या मशिनी दुरुस्त करत हिंडायचं, तर पोरीला ठेवायचं कुठे? पहिलीत घ्यायला तीस सप्टेंबरला सहा वर्षं पूर्ण हवी होती आणि पोरगी नऊ दिवसांनी लहान. "बघते मी," एवढंच बाई म्हणाल्या आणि तो गेल्यावर त्यांनी रजिस्टरात तीस सप्टेंबर लिहून टाकलं. पुढे त्याने जन्मदाखला आणून दिला, तो त्यांनी फायलीच्या तळाशी घातला. अख्ख्या नोकरीत केलेली ती एकच लबाडी. दोन महिन्यांनी निवृत्ती होती आणि एवढ्या वर्षांत एक ठपका नव्हता. या बाईंच्या अक्षरावर डोळे मिटून सही करावी, असं मुख्याध्यापिका चारचौघांत सांगायच्या.

"द्या इकडे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच तीस सप्टेंबर दाबलं.

खातं उघडलं. पहिल्याच पानावर पोरीचा फोटो आणि त्याखाली ठळक अक्षरांत ती तारीख. बाईंनी फोन परत दिला.

तो मात्र भलतंच बघत बसला. "हजेरी सत्त्याण्णव टक्के! आणि हे बघा, गणिताच्या बाईंनी लिहिलंय, वर्गात इतरांना समजावून देते. घरी मला विचारलं तर म्हणते, काही नाही हो बाबा, ठीक चाललंय." त्याने बोटाने पान वर सरकवलं, खाली सरकवलं, आणि थांबला. "ताई, ही तारीख..."

"मी लिहिली," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबरच सांगितली होती. मी बदलली. नाहीतर तिचं वर्ष गेलं असतं."

त्याने तारखेवर बोट ठेवलं. मागचे पालक चुळबुळ करू लागले. बाईंना वाटलं, आता हा ओरडणार आणि ओरडला तरी त्याचं काय चुकलं?

"म्हणून होय!" तो एकदम हसला. "दरवर्षी सप्टेंबर संपता संपता पोरगी शाळेतून कागदाचा मुकुट घालून घरी यायची. मला वाटायचं, शाळेची पद्धत असेल, वाढदिवस आधीच उरकून घ्यायची. मग नऊ तारखेला घरी आमचा दुसरा. आई गेली त्या वर्षीसुद्धा तिला दोन मिळाले, ताई. मैत्रिणी जळायच्या तिच्यावर." हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले.

बाईंनी एकदाचा श्वास सोडला. आठ वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं त्यांना झालं. त्यांनी खणातून दुरुस्तीचा अर्ज काढला.

"आता तिला खालच्या वर्गात तर नाही ना ढकलणार?"

"नववीतल्या घोडीला पहिलीत बसवायला बाक कुठून आणू?"

अर्जात कारणाचा रकाना आला, तेव्हा तो पुढे वाकला. "बापाने चुकीची सांगितली, असं घाला. माझं कोण काय वाकडं करणार आहे?"

"तुम्ही गप्प बसा."

बाईंनी लिहिलं, 'प्रवेशाच्या वेळी तारीख मी जाणूनबुजून बदलली. पालकांना याची कल्पना नव्हती.' खाली सही केली, पूर्ण नावाची. फायलीच्या तळाचा जन्मदाखला अर्जाला टाचला आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या.

मुख्याध्यापिकांनी अर्ज वाचला. चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पुन्हा वाचला.

"'नजरचुकीने' लिहिलं असतं तरी चाललं असतं हो," त्या हळूच म्हणाल्या. "हा कागद आता तुमच्या सेवापुस्तकात लागेल. दोन महिन्यांसाठी कशाला?"

"माझी नजर चुकली नव्हती, मॅडम."

मुख्याध्यापिकांनी अर्ज पुढे ओढला. मग त्यांनी सही केली आणि शिक्का मात्र बाईंच्याच हातात दिला. बाईंनी तो आपल्या नावाशेजारी सरळ, ठसठशीत उमटवला आणि शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.