पिवळी हवा

या साली जीप एकदा जरी अडली, तर ती विकायची आणि पुन्हा घोडी घ्यायची, असं भाऊसोंनी दसऱ्यालाच सगळ्या वाड्यासमोर सांगून टाकलं. वाडा म्हणजे घर नव्हे बरं, मेंढरांचा तळ. दिवाळी झाली की आटपाडीकडची ही माणसं मेंढरं हाकत कडेगावकडं, उसाच्या पट्ट्यात उतरतात, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि पावसाळा तोंडावर आला की माघारी फिरतात. भाऊसोंच्या बापजाद्यांनी ही वाट घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड लादून काढली. त्यांच्या सुनेनं, मंगलनं, ती जीपनं काढायला सुरुवात केली आणि तिथून घरात धुसफूस लागली.

जीप जुनीच, पण चारी चाकं ओढणारी. दोन घोड्या विकून आणलेली. मंगलचा धाकटा भाऊ बिरदेव मिलिटरीत ड्रायव्हर, त्यानं सुट्टीवर येऊन बहिणीला चालवायला शिकवलं. तिच्या नवऱ्यालाही शिकवायला गेला होता, पण धनाजी मेंढरांमागं चालणारा गडी. स्टिअरिंग हातात आलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. तो म्हणाला, "मंगल, तूच चालीव. मी आपला पायी बरा हाय." बायको गाडी चालवते याची त्याला तसूभर लाज नव्हती. उलट पारावर बसून तोच सांगायचा, आमच्या वाड्याचं इंजिन घरातच हाय म्हणून.

गेल्या साली मात्र पांढऱ्या ओढ्यानं घात केला. नावाला ओढा, पण पाणी चार दिवसांचं, बाकी सालभर नुसती वाळू. जीप मधोमध गेली आणि ॲक्सलपर्यंत बसली. मागं चार दिवसांची कोकरं, भांडीकुंडी, आणि पोत्यांवर सासू धोंडुबाई. मंगलनं जितका जोर दिला तितकी गाडी खाली गेली. शेवटी भाऊसो शेजारच्या गावात गेले, पटका हातात घेऊन एका ट्रॅक्टरवाल्यापुढं उभे राहिले. त्यानं जीप ओढून काढली, वर शहाणपणही दिलं. "मामा, मेंढक्यानं मेंढरंच राखावीत. गाड्याबिड्या आपलं काम न्हवं."

ते बोलणं म्हाताऱ्याच्या काळजाला लागलं. ट्रॅक्टरवाल्यावरचा राग जीपवर निघाला आणि जीपवरचा मंगलवर. चंद्री नावाची एक घोडी तेवढी उरली होती, तिच्या मानेवर हात फिरवत भाऊसो अख्खी वाट चालले.

मंगलला जीप जायला नको होती. डोक्यावर बोचकं घेऊन घोडीमागं चालायचा तिला कंटाळा होता म्हणून नव्हे. चालायला ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण स्टिअरिंग हातात धरून ती गावातनं निघाली की बायका पाण्याची घागर कमरेवर ठेवून थांबायच्या आणि बघत राहायच्या. वाड्यात आजवर एकाही बाईनं बिऱ्हाड असं पुढं नेलं नव्हतं. मंगलला याचा अभिमान होता आणि तो लपवावा असं तिला कधी वाटलं नाही.

तिनं राजस्थानात बिरदेवला फोन लावला. तो म्हणाला, "आक्का, वाळूत जायच्या आधी चाकातली निम्मी हवा सोड. टायर पसरतं, मग रुतत न्हाई. हितं आमी रोज तेच करतो."

"आन् पलीकडं गेल्यावर? तोंडानं फुंकून भरू?"

तिचा प्रश्न रास्त होता. ओढा ओलांडला की लागलीच दगडांचा चढ. ढिल्या चाकांनी तिथं गेलं की टायर फाटलंच म्हणून समजा. धनाजीनं हौसेनं एक चिमुकला पंप आणला होता, गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या भोकात वायर घालायचा. दोन चाकं भरेस्तोवर तो तापला आणि तिसऱ्याला धूर सोडून गेला.

"गाडीतच दमदार पंप बसवायचा," बिरदेव म्हणाला. "इंजिनावर फिरणारा. आमी बसीवलाय, तू का न्हाई बसवणार?"

झालं. मंगल सांगलीच्या भंगार बाजारात गेली आणि एका मोडीतल्या कारचा एसीचा कॉम्प्रेसर घेऊन आली. कार गार करणारं ते यंत्र. आता त्यानं हवा दाबायची होती. सासूनं ते काळं धूड उलटंसुलटं करून बघितलं. "हवा इकत आणलीस व्हय गं? रानात तर फुकाट वाहती."

"आत्या, रानातलीच हाय. फकस्त कोंडायची हाय."

आटपाडीच्या वेल्डरकडनं तिनं पट्टी बनवून घेतली आणि इंजिनाच्या कडेला कॉम्प्रेसर बसवला. पहिल्याच दिवशी पट्टा तुटून चिंध्या झाला, कारण इंजिनाचं आणि कॉम्प्रेसरचं, पट्ट्याची दोन्ही चाकं एका रेषेत नव्हती. वेल्डर म्हणाला, चालतंय तेवढं. मंगल म्हणाली, चालत न्हाई. मेंढरं कोंडायच्या जाळीची, वाघरीची दोरी तिनं एका चाकापासून दुसऱ्यापर्यंत ताणून धरली, पट्टी पुन्हा कापायला लावली आणि दोरी दोन्ही चाकांना सरळ टेकेपर्यंत तिथनं हलली नाही. हवा साठवायला जुन्या ट्रकची ब्रेकची टाकी आणली, ती मागच्या बाकाखाली बसवली. म्हणजे नेमकी धोंडुबाईच्या बैठकीखाली.

"माझ्याखाली बाँब ठिवला ह्या बाईनं," धोंडुबाई आल्यागेल्याला सांगायची. हवा जास्त झाली की आपोआप सोडणारी झडप टाकीला आहे, हे मंगलनं तिला किती वेळा सांगितलं असेल. तरी म्हातारी बाकाच्या एका टोकालाच बसायची.

हवा आत ओढायच्या तोंडाला मुठीएवढं फिल्टर होतं, त्यात स्पंज. कॉम्प्रेसर कोरडा फिरला तर जळतो, म्हणून तो स्पंज तेलात भिजवून ठेवायचा, असं बिरदेवनं बजावलं होतं. मंगलनं तो इमानेइतबारे भिजवला. अंगणात एका चाकातली हवा सोडली, पाइप लावला, आणि टायर बघता बघता टणक झालं. धनाजीनं त्यावर बुक्की मारून बघितली. भाऊसो लांबून बघत होते, पण म्हणाले इतकंच, "अंगणात समदंच चालतंय. वढ्यात बघू."

निघायच्या दिवशी जीपची पूजा झाली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर नारळ. धनाजी म्हणाला, "आईला पंप चालू करून दाव की." मंगलनं इंजिन सुरू केलं, पंप लावला. यंत्राचा आवाज ऐकून धोंडुबाईला भरून आलं असावं. काही झालं तरी सुनेनं केलेलं होतं. तिनं पिशवीत हात घातला आणि उघड्या बॉनेटखाली, त्या फिरत्या यंत्रावर भंडाऱ्याच्या दोन मुठी उधळल्या. "बिरोबाच्या नावानं..."

"चांगभलं," सगळा वाडा गरजला. हळदीचा पिवळा धुरळा उडाला, मंगल कृतकृत्य झाली आणि बॉनेट पडलं.

तिसऱ्या दिवशी ओढा आला. मेंढरं आधीच पलीकडं गेली होती. मंगल खाली उतरली आणि एकेका चाकातली हवा सोडायला लागली. भाऊसो चंद्रीचा कासरा धरून धावतच आले.

"भरल्याली चाकं रिकामी कराय लागलीस? डोकं ठिकाणावर हाय का, पोरी?"

"मामा, वाळूत मेंढराचं खूर रुततं, उटाचा पाय रुतत न्हाई. त्यो पसरट असतोय."

"उट कवा बघितलास गं तू?"

मंगल चढून स्टिअरिंगवर बसली. धोंडुबाई कोकरांना कवटाळून मागं. गाडी वाळूत शिरली, डुलली, जरा रेंगाळली. मंगलनं पाय एकसारखा ठेवला, उगाच जोर दिला नाही. गेल्या सालचा खड्डा उजवीकडं मागं पडला. आणि जीप पलीकडच्या काठावर चढून उभी राहिली, जणू डांबरी रस्त्यानंच आली. धनाजीनं पटका हवेत उडवला. मंगलचा ऊर असा भरून आला की तिला क्षणभर खाली उतरताच येईना.

मग तिनं पंप लावला. हवेच्या मीटरचा काटा हलला नाही.

ती थांबली. आवाज येत होता, पण दमेकऱ्यासारखा. काटा जागच्या जागी. वाड्यातली माणसं भोवती जमली. पलीकडून भाऊसो चंद्रीला घेऊन सावकाश आले, ढिल्या चाकांकडं बघितलं, पुढच्या दगडी चढाकडं बघितलं.

"रुतली न्हाई हे खरं," ते म्हणाले. "पर अडली. सबूद अडली असाच हुता."

"जरा थांबा, मामा."

तिनं बॉनेट उघडलं. पट्टा शाबूत. पाइप कुठं फुसफुसत नाही. मग तिनं हवा ओढायच्या तोंडाशी तळहात धरला. हात ओढला जायला हवा होता. कसलं काय, वारासुद्धा लागला नाही. तिनं इंजिन बंद केलं, फिल्टर काढलं, झाकण उघडलं.

आत पिठलं झालं होतं. तेलात भिजलेला स्पंज आणि त्यावर बिरोबाचा भंडारा, चांगला घट्ट लिंपलेला.

मंगलच्या खांद्यामागून कुणीतरी श्वास रोखल्याचं तिला कळलं. धोंडुबाई उभी होती. म्हातारीनं ते पिवळं बघितलं आणि तिचा चेहरा पार उतरला. एवढ्या माणसांत एका वाक्याचं काम होतं. आत्यांनी भंडारा टाकला म्हणून बंद पडलं, इतकं म्हटलं असतं तर मंगलच्या कामाला कुणी नाव ठेवलं नसतं. पण देवाचा भंडारा आडवा आला असं सुनेनं भर वाड्यात म्हणायचं? आणि सासूनं त्यानंतर तोंड कुठं दाखवायचं? मंगलला राग आला होता, नाही असं नाही. इतक्या दिवसांची मेहनत दोन मुठींनी घालवली म्हणून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तिनं बोटानं तो तेलकट भंडारा निपटला आणि आपल्या कपाळाला लावला. मग सासूच्या कपाळाला.

"काय झालंय गं?" भाऊसो तिकडून ओरडले.

"काय न्हाई, मामा. नवं हाय, दम घेतंय."

डब्यातल्या डिझेलमध्ये तिनं स्पंज चुबकला, पिळला, पुन्हा चुबकला, कोरडा करून नवं तेल लावलं. धोंडुबाई बाकी लोकांना पाठ करून तिच्या आणि त्यांच्या मधे पदर पसरून उभी राहिली होती. ऊन लागतंय पोरीला, म्हणाली.

या खेपेला काटा उठला. सरसर नव्हे, पण थांबलाही नाही. भाऊसोंना राहवेना, ते पाइपाचं टोक हातात घेऊन न्याहाळत असतानाच मंगलनं तोटी उघडली. आधी गेलेला थोडा भंडारा आत कुठंतरी बसला होता. फस्सकन पिवळी हवा सुटली आणि म्हाताऱ्याचं पांढरं धोतर, सदरा, मिशा सगळं पिवळं करून गेली.

भाऊसोंनी छातीवरच्या हळदीला बोट लावलं, वास घेतला. डोळे मिटून दोन्ही हात जोडले.

"बिरोबा यंत्रात हाय," ते म्हणाले.

सासू आणि सून, दोघींनी एकमेकींकडं बघायचं टाळलं. बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. चारी चाकं भरली, जीप दगडाचा चढ चढून गेली, आणि भाऊसोंनी त्या रात्री सदरा धुवायला टाकला नाही.

कडेगावात लालासाहेबांच्या रानात मेंढरं बसली. लालासाहेब मिलिटरीतून रिटायर झालेले, बागायतदार माणूस. उसानं भरलेली त्यांची ट्रॉली बांधाला उभी होती, एक चाक बसलेलं, आणि ते फोनवर कुणालातरी बोलवत होते. भाऊसो पुढं झाले. पटका डोक्यावर होता.

"सायब, हवा पायजेल का?"

"तुमच्याकडं कुठली हवा, भाऊसो?"

"हाय आमच्याकडं. लागंल तेवढी." पाइप त्यांनी स्वतः ओढत नेला. चाक टणक झाल्यावर लालासाहेबांनी बॉनेटखाली डोकं घालून पट्टा बघितला, चाकांची रेष बघितली. "लय सरळ बसवलंय. मिस्त्री कोण?"

"मिस्त्री कशाला पायजे?" भाऊसो म्हणाले. "आमची मंगल हाय की. तिला पांढऱ्या वढ्यात कुणाच्या ट्रॅक्टरची गरज पडली न्हाई." आणि धनाजीकडं वळून, कुणी विचारलेलं नसताना, "चंद्री म्हातारी झाली रं. आता तिच्या पाठीवर काय लादू नगा. मोकळी चालंल."

मंगलनं ऐकलं. तिनं पाइप गुंडाळला, गाठ मारली, पुन्हा सोडून पुन्हा मारली.

रविवारी तळ दुसऱ्या रानात हलवायचा होता. बिरोबाचा वार, म्हणून निघण्याआधी पूजा. मंगलनं इंजिन सुरू केलं, आणि बघते तर धोंडुबाई भंडाऱ्याची पिशवी घेऊन थेट बॉनेटकडं येतेय. मंगलचा हात चावीकडं गेला. तोंडानं नको म्हणता येईना.

धोंडुबाई यंत्रापुढं थांबली. पिशवी काखेत धरली, कमरेला खोचलेला धडपा, जुन्या लुगड्याचा तुकडा, सोडला, त्याची चौपदरी घडी घातली आणि त्या मुठीएवढ्या फिल्टरवर घट्ट बांधली. कोकराला थंडीत बांधावं तशी, हळू हातानं.

"पंप बंद ठेव गं मंगल," ती म्हणाली. "आदी ह्येचं नाक झाकलंय. आता उधळते."

आणि मग तिनं दोन नव्हे, चांगल्या चार मुठी उधळल्या. "बिरोबाच्या नावानं..."

चांगभलं म्हणणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज स्टिअरिंगवरनं आला. धडपा सोडून, झटकून धोंडुबाईनं तो पुन्हा कमरेला खोचला आणि मागं चढून टाकीवरच्या बाकावर बसली. या खेपेला अगदी मधोमध.