मंत्राने सुरू होणारा संगणक

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत बाळासोच्या सेवा केंद्रापुढे तोबा गर्दी होती. मेलेला संगणक मलकापूरचे बाबा जिवंत करतात, ते बघायला सगळे जमले होते. मी आलो होतो उत्पन्नाच्या दाखल्याला, पण चार लोकांनी हात जोडले म्हणून मीही जोडले.

संगणक अर्धा तास चाले आणि खटकन बंद पडे. मग बाबा संगणकाच्या पेटीच्या जाळीतून आत अंगारा फुंकत, एकशे आठ वेळा मंत्र म्हणत आणि बटण दाबत. संगणक सुरू! लगेच नारळ फुटे.

बाबांनी कारणही शोधलं होतं. रांगेतल्या प्रीती नावाच्या पोरीकडे बोट दाखवून ते गरजले, "ही बसली की यंत्र धाप टाकतंय. पायगुण वंगाळ हाय हिचा!"

प्रीतीला कोल्हापूरच्या नर्सिंग प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. तीन दिवस तो अर्ध्यावर अडत होता आणि आज पाचला मुदत संपत होती.

"तू आज भाईरच थांब, बाई," बाळासो म्हणाला. पोरीचे डोळे भरले. मला राग आला, पण तोंड काही उघडलं नाही.

ते उघडलं हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या शाहिस्ताबाईंनी. प्रीतीच आज त्यांना सोबत घेऊन आली होती.

"बाळासो, हिला रोज कितवा नंबर देतोस?"

"शेवटचा. हिच्या अर्जाला येळ लागतोय की. मधीच बंद पडलं तर पुन्ना रांगंच्या शेवटाला."

"म्हणजे हिची पाळी येईस्तोवर यंत्र तापलेलं. आणि बाबा, तुमच्या जपाला किती वेळ लागतो?"

"देवाच्या कामाला घड्याळ न्हाय!"

"पंधरा मिनिटं लागतात, प्रीतीनं मोजलीत. आता बंद पडलं की जप नको. तेवढाच वेळ सगळ्यांनी नुसतं गप बसायचं."

साडेतीनला संगणक बंद पडला. गप्प बसणं आम्हाला जपापेक्षा जड गेलं. पंधरा मिनिटांनी बाईंनी बटण दाबलं आणि तो निमूट सुरू झाला.

"माझी पुण्याई साठलीया खोलीत!" बाबा म्हणाले.

"बघू की, कुठं साठलीय." बाईंनी संगणक बंद केला, वायर काढली आणि पेटी उघडली. प्रोसेसरवरच्या पंख्यात खाली जुनी धूळ आणि वर बाबांचा अंगारा गच्च बसला होता.

"काम करताना प्रोसेसर तापतो. पंखा ती उष्णता बाहेर टाकतो," बाई म्हणाल्या. "पंखाच अडकला, तर जळू नये म्हणून यंत्र आपणहून बंद होतं. गार झालं की पुन्हा चालतं." थोडक्यात, औषध म्हणून बाबा रोगच वाढवत होते.

बाईंनी मऊ ब्रशने पंखा साफ केला. पाचला दहा मिनिटं असताना प्रीतीचा अर्ज गेला आणि पोचपावती हातात आली. बाबांनी तोवर मलकापूरची एसटी गाठली होती.

"चुकलं पोरी माझं," बाळासो पुटपुटला.

"मला तीन दिस नावं ठेवलासा, काका," प्रीती म्हणाली. "येकदा पेटी उघडून बगायची की."

माझीही मान खाली गेली. मंडळी, यंत्र बिघडलं तर आत डोकावा. जमत नसेल तर जाणकाराला बोलवा. पण आपल्याला चार स्क्रू काढायचा कंटाळा येतो म्हणून एखाद्या पोरीचं आयुष्य अडवू नका.