अंगठा झिजलेल्या बायका

चार महिने रेशनच्या दुकानातलं ते मेलं मशीन माझा अंगठा ओळखत नव्हतं. ओळखणार कसं? चाळीस वर्षं वर्सोव्यात बर्फात हात घालून मासळी साफ करतेय, बोटांवरच्या रेषा केव्हाच झिजल्या. आम्हा अकरा कोळणींची हीच गत. दुकानदार म्हणे, "मशीन म्हणतं तू पार्वती नाहीस, मी काय करू?" घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तांदूळ बंद म्हणजे आमची चूलच बंद.

चर्चचे फादर बोनिफास माझ्याकडून बोंबील घेतात. एकदा म्हणाले, "मावशी, वाळलात किती!" मग काय, मी सगळं ओकले. ते म्हणाले, "एक पोतं आजच पाठवतो. पण ती झाली मदत. हक्काचं धान्य सरकारनंच द्यायला हवं. चला, भांडू."

शेजारची नेत्रा म्हणाली, "बाटवतील हो तुला!" मी म्हटलं, "गप गं, आधी पोट."

रविवारी प्रार्थना संपल्यावर फादरनी मला सगळ्यांपुढे उभं केलं. कपाळाला हे एवढं कुंकू, अंगाला मासळीचा वास. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एवढंच म्हणाले, "ह्या पार्वती. उद्या ऑफिसात विचारतील ह्या कोण. सांगायला कोण येणार?" लोक खाली बघत एकेक करून बाहेर पडले. मी मनात म्हटलं, झालं, लागली वाट.

सोमवारी आम्ही अकराजणी फादरबरोबर रेशन ऑफिसात गेलो. साहेब म्हणाला, "तुम्ही त्याच कशावरून?" आणि अगं बाई! जिना धडधडायला लागला. बँकेतल्या बाया, रिटायर मास्तर, रिक्षावाले, वरपासून खालपर्यंत कालची चर्चमधलीच दीडदोनशे माणसं.

"ही पार्वती. वीस वर्षं सुरमई घेते हिच्याकडून."

"ही पार्वती. महाग लावते, भांडते, पण हीच ती!"

मग दुसऱ्या कोळणीची ओळख पटवली, मग तिसरीची. दोन तास चाललं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आपल्यासाठी एवढी माणसं? कामधंदा सोडून?

साहेबानं घाम पुसला, आमच्या दुकानाला हुकूम लिहिला: अंगठा जुळत नसेल तर वहीत नोंद करून धान्य द्या. फादर म्हणाले, "एका दुकानानं भागायचं नाही. आता मंत्रालय."

पहिली नोंद करायला साहेबानं वही उघडली. "बोला, नाव?"

चाळीस वर्षं सगळ्यांची नुसती मावशी होते मी. मी पदर सावरला, तोंड उघडलं. मागून अख्खा जिना बोलला, "पार्वती!"