खोल समुद्रातल्या सासूबाई

समुद्राच्या तळाशी अडकलेली पाणबुडी, आत सहा माणसं आणि बाहेर काहीतरी प्रचंड, असा तो भयपट बावीस वर्षांपूर्वी आला आणि तिसऱ्याच दिवशी गाशा गुंडाळून गेला. त्यातला राक्षस शेवटपर्यंत दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तो आवाज म्हणजे आपल्या ध्वनिमुद्रकाच्या सासूबाईंचं घोरणं आहे, हे जगात त्याच्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हतं.

दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. दिग्दर्शकाने वाघ, म्हैस, बिघडलेला पंप असं सगळं नाकारलं होतं. मेटाकुटीला आलेल्या ध्वनिमुद्रकाने एका दुपारी, जेवून आडव्या झालेल्या सासूबाईंच्या उशाशी गुपचूप माइक ठेवला आणि नंतर ती टेप चौपट संथ केली. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक ऐकताऐकता खुर्चीतून उठला. "हाच," तो म्हणाला. घोरणं थांबल्यावर सासूबाई झोपेत काहीतरी पुटपुटल्या होत्या, ते कापायचं घाईत राहून गेलं. दिग्दर्शकाला ती राक्षसाची भाषा वाटली आणि ते पुटपुटणं सिनेमात चार ठिकाणी वापरलं गेलं.

सिनेमा आपटला तेव्हा सगळं युनिट हळहळलं, याने मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. बायको असले सिनेमे बघत नाही, त्यामुळे आजवर निभावलंही होतं.

पण दातांच्या एक डॉक्टरीणबाई फिल्म क्लब चालवत. त्यांना हा सिनेमा कुठूनसा सापडला. 'दुर्लक्षित, पण पुन्हा पाहायलाच हवा' असा कागद त्यांनी दवाखान्याच्या दारावर चिकटवला आणि नेमके त्याच दारातून सासरे कवळी बसवायला आत गेले. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते लेकीकडेच राहत.

"जावईबापू, तुमचा सिनेमा लागतोय आणि मला बोलला नाहीत?"

"फार रटाळ आहे हो, बाबा."

"असू दे. मला रविवारी दुसरा उद्योग काय?"

ध्वनिमुद्रकाचं धाबं दणाणलं. सासऱ्यांशी त्याचं सख्ख्या मित्रासारखं जमत असे. रोज सकाळी दोघं डोक्याला डोकं लावून पेपरातलं कोडं सोडवत. गेलेल्या बायकोला जावयाने राक्षस केलंय हे कळल्यावर हा माणूस आपलं तोंड तरी बघेल का, या विचाराने त्याला जेवण जाईना.

रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या रांगेत बसले. शेजारी जावई, घामाने निथळत. डॉक्टरीणबाईंनी राक्षसाच्या भाषेवरच वीस मिनिटं घेतली. ती एखाद्या लुप्त भाषेशी मिळतीजुळती असावी, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग अंधार झाला. पाणबुडीतले दिवे विझले आणि खुर्च्या थरथरतील असा तो आवाज आला. मागे कोणीतरी किंचाळलं. घरघर थांबली आणि काळ्या पाण्यातून ते जड, लांबलचक पुटपुटणं आलं.

"लावलंय गं दार," सासरे मोठ्याने म्हणाले. "झोप तू."

पुढच्या रांगांतली डोकी मागे वळली. पन्नास वर्षं रोज ऐकलेला प्रश्न कितीही संथ केला तरी त्यांना कळणारच होता. राक्षस काय विचारतोय हे जावयाला मात्र आज बावीस वर्षांनी समजलं.

"चुकलं माझं, बाबा," तो कुजबुजला. "त्यांना विचारायला हवं होतं मी."

"गप्प बसा हो. ऐकू द्या." सासऱ्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते. "अजून कितीदा आहे ती?"

"तीनदा."

"तीनदाच?" सासरे हिरमुसले. समोर एक खलाशी जीव खाऊन ओरडत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "मग संपल्यावर डॉक्टरीणबाईंना सांगा, पुन्हा लावा म्हणावं."