मुक्ताचे सुळे

त्या दुष्काळात आष्टीकडच्या एका दूध संस्थेने चारा छावणी उघडली होती. कडूबाई आपल्या दोन म्हशी घेऊन तिथंच राहायला आली, सोबत लेक मुक्ता. मुक्ताचे वरचे दोन्ही सुळे बाकीच्या दातांवर चढलेले होते, ओठाबाहेर दिसायचे. पोर हसायला लागली की चारचौघांत कडूबाईचा जीव अर्धा व्हायचा. तोंड मीट म्हणून ती तिला चिमटा काढायची. पुढं पुढं चिमटा काढायची वेळच येईना.

संस्थेने छावणीत दातांचं शिबिर भरवलं, तशी कडूबाई लेकीला घेऊन गेली. औंदा पोरीला बघायला येतील, तेव्हा दोन्ही सुळे उपटूनच टाका, असं तिने डॉक्टरबाईंना सांगितलं. बाईंनी मुक्ताला तोंड उघडायला लावलं. मुक्ता ओठ घट्ट मिटून बसून राहिली. कडूबाईने हनुवटी धरली, दटावलं. मागं रांगेतल्या बाया बघत होत्या.

मुक्ता तोंडावर हात धरून हळूच म्हणाली, "आईला भायेर पाठवा. तिच्यासमोर मला उघडता येत न्हाई."

कडूबाईच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. ती उठली, कुणाकडं न बघता बाहेर आली आणि तंबूच्या कनातीला लागून उभी राहिली. आतून लेकीचा आवाज येऊ लागला. सुळ्यांनी ओठ आतून सोलवटतो, घास एकाच बाजूने चावावा लागतो, हिरडीतून रक्त येतं. एका ताटात जेवणाऱ्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बाईंनी आत बोलावून समजावलं, की सुळे उपटायचे नसतात. जागा करून, तारा लावून ते ओळीत आणता येतात. दर महिन्याला शहरातल्या सरकारी दवाखान्यात यावं लागेल, दोनेक वर्षं तरी.

म्हशींकडं परतताना कडूबाईने विचारलं, "इतकं दुखत होतं, तर मला का सांगितलं न्हाईस?"

"तुला माझं तोंड बघवत न्हाई."

कडूबाई पुढं झाली आणि म्हशींपुढं चारा टाकू लागली.

महिन्याभराने तारा बसल्या. परतीच्या एसटीत मुक्ता शेजारच्या अनोळखी बाईला तारा दाखवत, हसत बोलत होती. दोघींच्या मागच्या बाकावर कडूबाई मान खाली घालून बसली होती. ही पोर माझी, असं त्या बाईला सांगावंसं तिला फार वाटत होतं. पण उतरायचा थांबा येईपर्यंत ते तिच्या तोंडातून निघालं नाही.