बरोबर उत्तर

देवदत्तनं सलग नववं उत्तर बरोबर दिलं, तेव्हा उल्कानं हातातलं पेन खाली ठेवलं.

हॅमिल्टनच्या युनिव्हर्सिटीत ती जर्मन भाषेतल्या एका चाचणीवर काम करत होती. वाक्य वाचायचं, शेवटचा शब्द गाळायचा. समोरच्यानं तिथं अजिबात न बसणारा शब्द सांगायचा. जिभेवर आलेला शब्द मेंदूला थोपवता येतो का, एवढंच बघायचं. चाचणी भरवशाची आहे हे ठरवायला साठ धडधाकट माणसं हवी होती, एक कमी पडत होतं. आपल्याच नवऱ्याला आपण तपासू नये, हे तिला कळत होतं. पण त्याची अकरा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टच्या कारखान्यात गेलेली, भाषा सहज बोलायचा. बसवलं त्याला डायनिंग टेबलाशी.

पाकिटावर त्यानं चिकटवलं, असं वाचलं की हा म्हणे तिकीट. नियम तीनदा सांगितला. त्यानं तो घडाघडा म्हणूनही दाखवला आणि पुढच्या वाक्याला पुन्हा तेच.

परकी भाषा आहे, होणारच, असं तिनं मनाला सांगून पाहिलं. पण भाषा कच्ची असती तर शब्द अडला असता. हा तर वाक्य संपायच्या आत टपकत होता, मेंदूचा लगामच सुटल्यासारखा.

दोन वर्षं हा माणूस तोंडाला येईल ते बोलत होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत उल्काच्या मैत्रिणीला, प्रियाला, भर पंगतीत म्हणाला, तुझा नवरा तुला कंटाळलाय. ती रडत वॉशरूममध्ये गेली आणि बाकीचे मेले दात काढत म्हणाले, देवदत्तराव म्हणजे अस्सल पुणेरी, स्पष्टवक्ते! कंपनीनं मीटिंगला बोलवणं बंद केलं, तर हा म्हणे गोऱ्यांना खरं सोसत नाही. उल्काही तेच म्हणाली. मेंदूच्या अभ्यासावर पगार घेणारी बाई! त्यापेक्षा अडाणी असती तर परवडलं असतं.

"मराठीत घेते," ती म्हणाली. "कुलूप उघडायला तिनं काढली..."

"किल्ली."

तो हसला नाही. टेबलाची कड घट्ट धरून बसला.

"उल्का, मी ढग म्हणणार होतो गं. ठरवलं होतं. तो येईपर्यंत हा सुटूनच जातो."

"कळतं तुला?"

"सुटल्यावर कळतं."

तिला त्याच्याकडे बघवेना. हा उत्तरांचा कागद फाडला तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. साठावं माणूस दुसरं मिळालं असतं.

"पुढचं वाच," तो म्हणाला आणि दोन्ही तळहात तोंडावर दाबून धरले.

तिनं वाचलं. "तहान लागली म्हणून तो प्यायला..."

त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. डोळ्यांत पाणी आलं. मग बोटांच्या फटीतून, दबका पण स्वच्छ, शब्द आला.

"पाणी."

उल्कानं त्या शब्दासमोर चुकीची फुली मारली आणि फॅमिली डॉक्टरचा नंबर लावला.