गाडीचा डावा दिवा

आमचे हे आयुष्यभर गाड्यांत हात काळे करत आले. नुसत्या आवाजावरून पट्टा सैल झालाय की बेअरिंग गेलंय ते सांगणारा माणूस. म्हणून आमच्या पिकअपच्या पुढच्या दिव्यांसाठी ह्यांनी भलतेच बल्ब आणले, तेव्हा मी म्हटलं, असू दे, होतं माणसाकडून.

आमची बेकरी आहे. पहाटे पावाचे ट्रे पिकअपमध्ये चढतात आणि उजाडायच्या आत दुकानांत पोचावे लागतात. ही फेरी कायम ह्यांचीच. पण मागे एकदा चालत्या गाडीत ह्यांना भोवळ आली, गाडी कशीबशी कडेला लागली, आणि डॉक्टरांनी बजावलं की पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मग रोजावर ड्रायव्हर ठेवला. तो उगवेल तेव्हा आमची पहाट. उजाडल्यावरच येणार म्हटल्यावर मध्यंतरी गाडीचे दिवे गेले तरी त्याचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते दुकानदारांचं. एक-दोघांनी तर दुसरीकडून पाव घ्यायला सुरुवातही केली. मी गाडी शिकले, लायसन्स काढलं आणि सांगून टाकलं, आता फेरी मी करणार.

"कर की," हे म्हणाले. "पण आधी बल्ब बदलू. अंधारात काय चाचपडत जाणार?"

पहिल्यांदा आणलेले बल्ब दोन पायांचे निघाले. आमच्या होल्डरला तीन पायांचे लागतात. दुसऱ्या खेपेचे बसले नीट, पण लावले तर समोरच्या भिंतीवर मिणमिणता उजेड. "हल्ली मालच भिकार येतो," असं म्हणून हे चहा प्यायला निघून गेले. मी त्यातला एक बल्ब काढला, रुमालात गुंडाळला आणि सरळ दुकान गाठलं.

दुकानदाराने बल्ब उलटा करून पाहिला. "हा चोवीस व्होल्टचा, वहिनी. मोठ्या ट्रकला लागतो. तुमची गाडी बाराची."

"मग दिलात कशाला?"

"मी बाराचेच काढले होते. तेच म्हणाले, चोवीसचे द्या. मला वाटलं, दुसऱ्या कुणाला हवे असतील."

"आणि आधीचे, दोन पायांचे?"

तो काउंटर पुसायला लागला. "तेही त्यांनीच मागितले."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. आणि मी बापडी, होतं माणसाकडून म्हणत बसले होते. बाराची, तीन पायांची जोडी घेतली आणि तरातरा घरी आले.

हे पिठाच्या खोलीत पोत्यावर बसले होते. मी बल्बची खोकी समोर ठेवली.

"मी गाडी चालवू नये असं वाटतं तर तोंडाने सांगा. त्या दुकानदारासमोर माझी शोभा कशाला?"

ह्यांनी एक खोकं उचलून उलटंपालटं केलं. "चांगली चालवतेस तू," म्हणाले. "म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

"भट्टी तुझी. गिऱ्हाईक तुझं. माझी ती एक गाडी होती. तीही तुला आली, की मी इथे काय करू? पोत्यांना टेकू देऊ?"

मला हसू आलं, वाईटही वाटलं, आणि असं दोन्ही वाटलं म्हणून पुन्हा राग आला.

"तिकडे दुकानं तुटतायत आणि तुम्ही इथे रुसून बसलाय."

"बसलोय खरा."

"मग उठा. मला एकटीला बल्ब बसवता येणार नाहीत."

हे उठले. बाहेर संध्याकाळ होत आली होती. मी बॉनेट उघडलं. "काचेला बोट लावू नकोस," हे मागून म्हणाले, "तेलकट बोट लागलं की बल्ब टिकत नाही." लोण्यात मुरलेले हात माझे. कापडात धरून दोन्ही बल्ब बसवले आणि मागचे प्लग लावले.

दिवे तपासायला दोघं लागतात. एक आत, एक गाडीसमोर. आजवर आत हे आणि समोर मी. लागला, विझला, असं ओरडायचं काम माझं, आणि डावा-उजवा चुकला की बोलणी खायचं कामही माझंच. "गाडीचा डावा म्हणजे चालवणाऱ्याचा डावा, किती वेळा सांगायचं?" हे ऐकून माझे कान किटले होते. आज मी आत चढले आणि हे समोर भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मी बटण दाबलं.

"डावा लागत नाही," हे म्हणाले.

मी उतरून डाव्या दिव्याशी गेले. तो लख्ख पेटलेला. बंद होता तो उजवा.

इतक्या वर्षांचं उट्टं काढायची अशी संधी पुन्हा आली नसती. शब्द अगदी ओठांवर होते. पण हे त्या एका दिव्याच्या उजेडात उभे होते, आणि एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत होते.

"चुकलं," हे म्हणाले. "इथे कधी उभाच राहिलो नव्हतो मी."

मी परत जागेवर जाऊन बसले. हे वाकले, सैल राहिलेला प्लग दाबून बसवला आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. ह्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"लागला," हे म्हणाले. मग जरा थांबून, "तुझा उजवा."